तारांकित

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या गल्लीत
माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान.
टेबल एक, मशीनं दोन, पंखा आवाजापुरता.

खिलारे वकील आले ते दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.
म्हणाले, जाहिरात करायची नाही,
आम्हाला बंदी असते.
माहितीपत्रक करायचं.
मी नवी फाइल उघडली, नाव दिलं : माहिती१.

‘घटस्फोट’ लाल करा.
केला.
अजून मोठा.
केला, इतका की ‘ट’ कागदाबाहेर गेला
आणि राहिलं ‘घटस्फो’,
बोलता बोलता कुणी दार लावून घ्यावं तसं.
आम्ही दोघंही हसलो, हे कबूल करतो.

मग एक जोडपं हवं होतं, पाठमोरं.
माझ्याकडची जोडपी सगळी लग्नपत्रिकांमधली,
मुंडावळ्यांसकट.
त्यातल्या एकाच्या मुंडावळ्या पुसल्या,
मधोमध पांढरी फट ओढली.
साहेबांना फट फार आवडली.

‘तीस दिवसांत मोकळे व्हा.’
मी विचारलं, होतं का हो तीस दिवसांत?
अकरा वर्षं बसलोय मी इथे.
एकाच खटल्याच्या प्रती काढायला येणाऱ्यांना
माझ्यादेखत चष्मा लागलाय.
ते म्हणाले, अर्ज तयार होतो तीस दिवसांत.
तारा टाका, खाली बारीक लिहा.
टाकला. लिहिलं :
फक्त अर्जाची तयारी, निकालाची मुदत न्यायालयाच्या हाती.
सहा पॉइंटात.
पण तळाला फाडायच्या पट्ट्या हव्या होत्या,
‘३० दिवस’ आणि फोन नंबर, अशा दहा,
आणि जागा पुरेना.
ओळ काढा, म्हणाले.
काढली.
तारा तसाच राहिला, दहाही पट्ट्यांवर.
तो काढा असं कुणी सांगितलं नाही
आणि मीही विचारलं नाही.
पाचशे प्रती. बिल रोख.

वारज्याला, धायरीला, हडपसर गाडीतळाला
खांबाखांबावर माझं काम चिकटलं.
धनकवडीच्या थांब्यावर मी येता-जाता मोजायचो.
सोमवारी दहा पट्ट्या.
बुधवारी नऊ.
कुणीतरी बसकडे बघतोय असं दाखवत
पाठीमागे हात नेला असणार.

मार्गशीर्षातला गुरुवार होता, तिला उपास असावा,
पाणीसुद्धा नको म्हणाली.
लग्नाच्या दाखल्याच्या दोन प्रती.
काचेवर ठेवताना नाव वाचलं, वाचायचं नसतं :
सुलक्षणा दशरथ भोंडवे.
सुट्टे शोधताना पर्समधून पट्टी पडली,
जुन्या नोटेसारखी मऊ झालेली.
वर्ष झालं फाडून, ती म्हणाली,
पिठाच्या डब्यात ठेवली होती.
मला माहीतच नव्हतं हो,
की असं फोन करून विचारता येतं.

हे वाक्य कुठे ठेवावं मला अजून कळत नाही.
खिलाऱ्यांना शिव्या द्यायची माझी तयारी होती,
मनातल्या मनात का होईना. ती अडली.
नियम बरोबरच आहे.
पण नियमातल्या मापाची पितळी पाटी
पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला असते.
धनकवडीच्या थांब्यावरून ती दिसत नाही.

मग तिने पट्टी काउंटरवर सरळ केली, बोट ठेवलं.
तीस दिवसांत होतं ना?
आणि हे फूल कसलं?

मशीन गरम झाल्याचा वास येत होता.
म्हटलं, ताई, त्या फुलाखाली एक ओळ होती.
मी काढली.

ती रडेल असं वाटलं, किंवा ओरडेल.
ती म्हणाली, मग लिहून द्या.
पट्टीच्या मागे लिहायला गेलो, जागा पुरेना.
दाखल्याच्या प्रतीमागे लिहिली, मोठ्या अक्षरात.
तिने दोनदा वाचली, घडी घातली.
ती प्रत आता कोर्टात चालणार नव्हती,
तिसरी काढावी लागली.

तिसरीचे दोन रुपये मी घेतले नाहीत.